जॅक येथे लावावा

माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी मी तिच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना गाडीत त्रेपन्न मिनिटं कोंडून ठेवलं होतं. (डावं दार आधी बंद पडलं. तिथून मोजलं तर चौसष्ट होतात. पण पहिली अकरा मिनिटं उजवं दार चालू होतं, म्हणून ती मी धरत नाही.)

साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात आणि व्याह्यांना इवाई. मी जे केलं त्याला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी मात्र त्या वेळी त्याला मान राखणं म्हणत होतो.

आमचा मळा जानेफळच्या फाट्यापासून चार किलोमीटर दोनशे मीटर आत आहे. वांगी, दोडकी, काशीफळं असा माल. मधे एक नाला लागतो, त्यात पाणी कमी आणि दगड जास्त. माल न्यायला आमच्याकडे तेव्हा एक पांढरी पिकअप होती. पुढे तिघांची केबिन, मागे उघडा हौद. या नाल्यातल्या दगडांनी तिच्या दाराखालचा पत्रा दोनदा चेपला होता. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. दगडांनीसुद्धा समतोल राखला होता.

माझा साळा संतोष याने मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातल्या गाड्या पाहिल्या. दाराखाली दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पाईप, आणि गाडी दगडावरून खुशाल घसरत चाललीय!

"भाऊजी, याले रॉक स्लायडर म्हंतेत. दगड लागला तरी पाईपले लागते, पत्र्याले नाही."

मेहकरच्या वेल्डरने तसे दोन पाईप करून दिले. दोन इंच जाडी, चार मिलिमीटरचा पत्रा. बसवताना तो म्हणाला, "भाऊ, चेसिसले चार-चार भोकं पाडू आन् मोठे बोल्ट टाकू. मंग हत्ती उभा करा."

चेसिसला भोकं? मी हयातीत कधी कागदावर खाडाखोड केली नाही, तर गाडीच्या हाडाला भोकं पाडू देईन? उद्या पासिंगला साहेबाने विचारलं तर? मी ठाम नकार दिला. पूर्वी तिथे प्लॅस्टिकच्या पायऱ्या होत्या. त्यांची आयती भोकं होती, त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट जात होते. तेच वापरले. वेल्डरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बोल्टांकडे पाहिलं, आणि बिडी पेटवली.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा पाईप जॅक लावायला फार सोयीचा आहे! गाडीखाली लोळायला नको, पाठीला माती नको. जॅक ठेवायचा, फिरवायचा, गाडी वर. अर्थात मी असा कुठलाही निर्णय मोजमापाशिवाय घेत नाही. वहीत हिशोब केला. रिकामी गाडी सतराशे किलो, भरलेली इतकी, पुढच्या एका चाकावर जास्तीत जास्त सहाशे दहा. पाईप झेलणार दोन टन. म्हणजे तिप्पट खात्री! मी ब्रश घेतला आणि दोन्ही पाईपांवर पिवळ्या रंगाने, बाणासकट लिहिलं: 'जॅक येथे लावावा'.

पाईपाचा हिशोब बरोबर होता. आजही बरोबर आहे. तो पाईप त्या दिवशी केसभरसुद्धा वाकला नाही. बोल्टांचा हिशोब मात्र मी केला नव्हता, कारण त्यांच्यावर लिहायला जागा नव्हती.

आमची प्रणिता धाडच्या नामदेवरावांच्या मुलाला पसंत पडली. मुलगा तिला पसंत पडला हे तिने आईला सांगितलं, आईने मला सांगितलं, आणि माझी झोप उडाली. कारण आधीचं एक स्थळ सुपारीपर्यंत येऊन मोडलं होतं, आणि तेही 'पोरीकडच्यांनी नीट मान ठेवला नाही' असं कारण काढून.  पोरगी तेव्हा चार दिवस दोडक्याच्या मांडवात काम काढून बसली होती. या वेळी मी ठरवलं, मानात गुंजभर कमी पडू द्यायचं नाही.

त्यात माझी थोरली बहीण, अक्का. घरातले सगळे नियम तिच्या तोंडपाठ.

"हे पाह्य," अक्का म्हणाली, "इवायाचा पयला पाय आपल्याच अंगणात पडला पाह्यजे, आन् त्याच्यावर पाणी पडलं पाह्यजे. मधात कुठी उतरू देजो नोको. मांगच्या वक्ताले ते लोकं फाट्यावरच उतरले होते, म्हणून झालं थे सगळं!"

मागचं स्थळ मोडण्यामागे फाट्यावर उतरणं हे कारण होतं, हे मला तेव्हाच कळलं. पण मी वाद घातला नाही. लिहून घेतलं.

मुहूर्त बारा वाजून बारा मिनिटांचा. पाहुण्यांची जीप नाल्यातून येणं शक्य नव्हतं, म्हणून ती फाट्यावर थांबवायची आणि तिथून आमच्या पिकअपमध्ये बसवून आणायचं असं ठरलं. नवरदेव मित्रांबरोबर मोटारसायकलवर आधीच मळ्यात पोहोचला होता. मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, हौदात गाद्या अंथरल्या, आणि पिकअप जीपला अशी खेटून लावली की नामदेवरावांनी जीपच्या पायरीवरून थेट आमच्या गाडीत पाय टाकला. जमिनीला स्पर्श नाही! विहीणबाईंनाही तसंच ओढून घेतलं. त्यांना जरा नवल वाटलं.

नामदेवराव म्हणजे भारी देहाचा, शांत माणूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खिशाला पेन. 'एसटीत होतो, एकतीस वर्षं' एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्या पेनवरून मी त्यांना कारकून समजलो, आणि पुढे विचारलं नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. मी चालवायला, मधे विहीणबाई, डाव्या दाराशी नामदेवराव. मागे अकरा पाहुणे आणि संतोष. दोन किलोमीटर सहाशे मीटरवर पुढचं डावं चाक बसलं. बाभळीचा काटा.

"मी उतरतो ना," नामदेवराव दाराच्या कडीला हात घालत म्हणाले.

"नाही नाही! तुम्ही बसा ना जी!" मी जवळजवळ ओरडलोच.

"अहो, पण वजन..."

"वजनाची काळजीच नोका करू. हिशोब झालेला आहे!"

मागून अकरा पाहुणेही उतरायला लागले. त्यांनाही मी बसवलं. मुलाकडचा माणूस म्हणजे मानाचा माणूस. त्यात उतरता क्रम कसा लावणार? मुलाचे मामा, पिवळ्या फेट्याचे, हौदातून म्हणाले, "इवाई, आमी काही मिठाचे नाही, मातीले पाय लागले तर इरघळत नाही."

"तरी बसा!"

सगळी वजनं धरूनच हिशोब करावा म्हणून मी खिशातली वही काढली. काशीफळ नुसतं पाहून त्याचं वजन सांगायचं, पावशेराच्या वर चूक नाही, अशी माझी बाजारात ख्याती आहे. मी मागच्या अकरा जणांवरून नजर फिरवली आणि आकडे मांडले. मग केबिनचे. नामदेवराव ब्याण्णव. विहीणबाई अठ्ठ्याहत्तर.

"चौऱ्याहत्तर," खिडकीतून आवाज आला. विहीणबाई वहीत पाहत होत्या.

"भाऊजी," संतोष माझ्या कानात म्हणाला, "वही खिशात टाका. आता टाका."

मी दगडाची चपटी फरशी ठेवली, तिच्यावर जॅक, जॅकचं डोकं बरोबर पिवळ्या बाणाखाली. खिडकीतून पुन्हा आवाज आला, या वेळी नामदेवरावांचा.

"इवाई, एक सांगू का?"

"नंतर सांगा जी! पाचच मिनिटं!"

"नाही, थे जॅक तुम्ही..."

"तुम्ही बसा!"

मी दांडा फिरवायला लागलो. पाईप वर जाऊ लागला. एक इंच. दोन इंच. आणि काय सांगू, सदऱ्याला मातीचा एक कणही नाही! मी अभिमानाने चाकाकडे पाहिलं. चाक जमिनीवरच होतं.

"भाऊजी," संतोष म्हणाला, "पाईप वर जाऊन राह्यला. गाडी नाही."

"गाडी मागाहून येईल," मी म्हणालो, आणि आणखी चार फेरे दिले.

तेव्हा कडाक्कन आवाज झाला. आठ मिलिमीटरच्या बोल्टांनी मान टाकली, पाईप आपल्या जागेवरून फिरला आणि दाराच्या खालच्या कडेत जाऊन असा रुतला, की जणू तो जन्मापासून तिथेच होता. नामदेवरावांनी कडी ओढली. दार हललं नाही. खांदा लावला. गाडी हलली, दार नाही.

अकरा वाजून सत्तावीस मिनिटं.

"आवो, मी त्या बाजूनं उतरतो," नामदेवराव अजूनही शांतपणे म्हणाले. "उजवं दार हाये ना."

इथे एखादा शहाणा माणूस काय करेल? विहीणबाई उतरतील, व्याही उतरतील, गाडी हलकी होईल. माझ्याही मनात ते आलं असतं, पण तेवढ्यात संतोष एक वाक्य बोलला.

"मी म्हंत होतो, हे पाईपच भंगार हायेत."

आता हे पाईप त्यानेच मोबाइलवर दाखवले होते! आणि माझा हिशोब? तिप्पट खात्रीचा? अकरा पाहुण्यांसमोर?

"पाईप भंगार नाहीत," मी म्हणालो. "डावीकडचे बोल्ट तू आवळले होते. ढिले राह्यले असतील. उजवीकडचे मी स्वतः आवळले, फेरे मोजून. दाखवू?"

"काय दाखवता?"

"उजवी बाजू उचलून दाखवतो!"

"पण पंक्चर डाव्या बाजूनं हाये ना!"

हौदातून मामा म्हणाले, "अरे, उचलू दे ना बे. आपल्याले कुठी घाई हाये."

मी उजवीकडे गेलो. विहीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "काऊन जी, इकडंही पंक्चर झालं काय?"

"नाही, नाही. हे फक्त पाहण्यासाठी."

"इवाई," नामदेवराव आतून म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज थोडा चढला होता, "मी खरंच सांगू का एक?"

"दोन मिनिटं बसा ना जी!"

फरशी, जॅक, पिवळा बाण. फेरे मी मोजत होतो. डावीकडे बोल्ट चौदाव्या फेऱ्याला गेले होते. उजवीकडे एकोणिसाव्याला गेले! म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं, मी आवळलेले बोल्ट पाच फेरे जास्त टिकले. हे मी संतोषला सांगायला वळलो, तर तो डोक्याला हात लावून दगडावर बसला होता. उजवं दारही बंद झालं होतं.

अकरा अडतीस. मुहूर्ताला चौतीस मिनिटं. नवऱ्या मुलाचे आई-वडील आत, मी बाहेर, गाडी पंक्चर, आणि गाडीची किल्लीसुद्धा आत.

मला प्रणिता आठवली. दोडक्याच्या मांडवात, पाठमोरी.  मी डाव्या खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "इवाई, माफ करा. तुमी मघापासून काय सांगत होते?"

नामदेवरावांनी खिशातला पेन काढला, माझ्या वहीचं पान मागितलं, आणि चार रेघांत गाडीचं पोट काढून दाखवलं. "जॅक इथी लावत जा. स्प्रिंगच्या पाट्याच्या खाली, एक्सलले. पाईप धरून कोणी गाडी उचलते काय? बैल शेपटी धरून उचलल्यासारकं झालं थे."

"तुमाले कसं माहीत?"

"मी एसटीत होतो ना. हेड मेकॅनिक."

हौदात अकरा जण एकदम हसले. मला वाटतं मामा मघापासून याच वाक्याची वाट पाहत होते.

मग काम नामदेवरावांनी हातात घेतलं, म्हणजे तोंडाने घेतलं. खिडकीतून डोकं काढून ते सांगत होते, संतोष खाली लोळत होता. "आधी मांगच्या चाकाले दगड लाव. हां. नट आधी ढिले कर, मंग उचल. फरशी सरकव, अजून आत." आणि हौदाकडे वळून, "तुमी सगळे उतरा रे खाली!" अकरा माणसं टणाटण उतरली. मानाची काही पडझड झाली नाही, गाडी मात्र चार बोटं वर आली. चौदा मिनिटांत स्टेपनी लागली. माझ्याकडे काम होतं नट धरून उभं राहायचं. पाच नट होते. मी पाचही धरले.

राहिला प्रश्न मी आत कसा जायचा. उजव्या खिडकीची काच खाली होती. आधी पाय घातले तर वळता येईना, म्हणून डोकं आधी घातलं. स्टिअरिंगवर हात टेकला, हॉर्न वाजला, मी घसरलो, आणि विहीणबाईंनी चपळाईने पाय आखडून घेतल्यामुळे माझं डोकं थेट नामदेवरावांच्या मांडीवर. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. हौदातून मामा ओरडले, "बोला, इवाईभेट झाली!"

लग्नाच्या मांडवात दोन व्याह्यांनी हार घालून गळाभेट घ्यायची असते. ती आमची अशी पाच महिने आधी उरकली, हार न घालता, आणि हॉर्न वाजवून.

बारा वाजून चार मिनिटांनी गाडी अंगणात उभी राहिली. मी आलो तसाच खिडकीतून बाहेर पडलो; इवायांना तसं काढणं मानात बसत नव्हतं. अक्का तांब्या घेऊन पुढे आली आणि डाव्या दाराशी थांबली. एक मिनिट गेलं. दीड गेलं.

"काऊन रे, उतरवत काऊन नाहीस इवायाले?"

"अक्का, दार उघडत नाही."

"मंग दुसरं उघड."

"तेही उघडत नाही."

"दोन्ही?" अक्काने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आमच्या दोन्ही म्हशी एकाच दिवशी मी सोडून दिल्या होत्या, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं.

नामदेवराव आतून म्हणाले, "तेराचा पाना आना. बोल्ट खोला, पाईप पडते आपोआप." संतोषने पाना आणला. पण वाकलेले बोल्ट पान्याला दाद देईनात. मग पहार, मग हातोडा. बारा वाजून नऊ मिनिटं. भटजी घड्याळ दाखवायला लागले. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रणिता दाराच्या चौकटीत उभी होती, नव्या साडीत, आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा अक्काने तांब्या उचलला आणि आमच्या पिकअपच्या पुढच्या दोन्ही चाकांवर धार धरली. आधी डाव्या, मग उजव्या.

"हे काय करून राह्यली?" मी विचारलं.

"माणसाचे पाय गाडीत, गाडीचे पाय अंगणात. झालं पाणी. भटजी, चालू करा!"

आणि बारा वाजून बारा मिनिटांनी, एकही मिनिट इकडे-तिकडे नाही, प्रणिता पाटावर बसण्याऐवजी गाडीच्या डाव्या खिडकीशी उभी राहिली. विहीणबाईंनी नवऱ्याच्या अंगावरून वाकून तिला कुंकू लावलं, खिडकीतून साडी दिली, खिडकीतूनच ओटी भरली. नारळ जरा जड होता, तो सुटला आणि पाईपवर आपटून फुटला. भटजी म्हणाले, "शुभ आहे." त्या वेळी ते काहीही शुभ म्हणायला तयार होते.

बारा एकतीसला पाईप निघाला आणि नामदेवराव खाली उतरले. अक्काने पुन्हा पाणी घातलं. या वेळी पायांवर.

जेवणं झाली. पान खाताना नामदेवरावांनी घसा साफ केला. "मानपानाचं बोलून घेऊ," ते म्हणाले. "आमची एक अट हाये."

 बायको स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली. मी वही काढायला खिशात हात घातला आणि संतोषने माझं मनगट धरलं.

"बाकी काही नोको," नामदेवराव म्हणाले. "थो जॅक मले द्या. तुमच्याजवळ तो राहू देनं माह्या पोराच्या हिताचं नाही. उद्या तुमी जवायाले घेऊन कुठी निघाले तर?"

पहिल्यांदा हसली ती प्रणिता. आतल्या खोलीतून. तिचं ते हसणं ऐकलं आणि मी जॅक पुसायला घेतला.

मग त्यांनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इवाई, एक बाजू मोडल्यावर माणूस गप्प बसते. तुमी दुसऱ्या बाजूनं मोडून पाहून खात्री केली. असा पक्का माणूस मी डेपोत एकतीस वर्षांत पाह्यला नाही." ही स्तुती आहे की नाही, ते मी अजून ठरवतो आहे.

जॅक मी नारळ-टॉवेलसह दिला. पिकअप पुढे विकली. घेणाऱ्याने दारांखालच्या खोकांचं कारण विचारलं, मी खरं सांगितलं, त्याला खोटं वाटलं. ते दोन पाईप मात्र मी ठेवून घेतले. दोडक्याच्या मांडवाला मधे आधाराला उभे केले आहेत. अजून सरळ आहेत. प्रणिता माहेरी आली की तिची लेक त्यांतल्या एका पाईपापाशी उभी राहून पिवळी अक्षरं एकेक करून वाचते, आणि आजीला विचारते, "इथं जॅक काऊन लावत नाही?" आजी म्हणते, "आजोबाले विचार." मी तेवढ्यात दोडकी तोडायला जातो.

आता माझ्याकडे लहान कार आहे. वर्षातून एकदा आम्ही दोघं व्याही शेगावला दर्शनाला जातो. नामदेवराव येताना तो जॅक जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन येतात आणि परत घेऊन जातात. यंदा वाटेत टायर बसला. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून मी लगबगीने उतरायला लागलो. त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला परत सीटवर टेकवलं.

"तुम्ही बसा ना जी!"

मी बसलो. मान मिळत असेल तर घ्यावा. दार मात्र मी उघडंच ठेवलं होतं, आणि एक पाय बाहेर.